पहिले बारा आठवडे आणि बाईला लागणारा बोल



व्याख्यानमालेची पत्रिका वाटली गेली आणि माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, “डॉक्टर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि पहिल्या तीन महिन्यांत पडणारे गर्भ, हा काय स्टेजवरून बोलायचा विषय आहे? बायकांचं दुखणं दवाखान्यातच बरं.” मी त्यांना आग्रहाने बोलावलं आहे. आले असतील तर पुढच्याच रांगेत असतील. विषय निम्मा त्यांचाही आहे, हे मी जरा उशिरा सांगणार आहे. तोवर त्यांनी उठून जाऊ नये एवढी विनंती.

सुरुवात आपल्या गावापासून करू. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. एचए म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो. १९५४ साली सरकारने तो उभारला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली, आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. एमआयडीसी आली ती १९६२ नंतर. म्हणजे या पट्ट्यात गाड्या आणि गिअर बनायच्या आधी औषध बनलं. हे मी गावाच्या अभिमानासाठी सांगत नाही. त्या काळी दिवस गेलेल्या बाईचं पोट पडलं, की घरच्यांना धास्ती असायची ती बाईच्या जिवाची. अर्धवट पडलेल्या गर्भातून जंतू शिरायचे, थंडी वाजून ताप चढायचा आणि काही दिवसांत बाई जायची. पेनिसिलीन आलं, रक्तपेढ्या आल्या, आणि हे मरण खूप कमी झालं.

आज बाई वाचते. सकाळी दाखल होते, पिशवी साफ करून संध्याकाळी घरी जाते, आठवड्याने कामावर रुजू होते. जीव वाचला, प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. पण घरी तिची उलटतपासणी सुरू झालेली असते. जिने चढलीस का? टू-व्हीलरवर खड्ड्यांतून गेलीस का? पपई खाल्लीस? पाण्याचा हंडा उचललास? तीन महिने कुणाला सांगू नको म्हटलं होतं, मग माहेरी का सांगितलंस? हे विचारणारी माणसं दुष्ट नसतात. सासू असते, जाऊ असते, कधी तिची स्वतःची आई असते. आणि सगळ्यांत कडक तपासणी ती स्वतःच स्वतःची करत असते, रात्री, एकटी.

आजचं माझं सगळं व्याख्यान या उलटतपासणीला दिलेलं उत्तर आहे. गर्भ का पडतो, त्यात प्राणवायूचा काय संबंध, आणि बोल लावायचाच असेल तर तो कुणाला लावावा.

आधी हे किती घरांत होतं ते बघू. तपासणीत नीट कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते पंधरा पहिल्या काही महिन्यांत जातात. हा झाला कळलेला आकडा. न कळलेले किती? १९८८ साली अमेरिकेत अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. मूल हवं असलेल्या २२१ बायकांनी रोज सकाळची लघवी जपून ठेवली, आणि त्यात एचसीजी हे गर्भाचं संप्रेरक मोजलं गेलं. १९८ वेळा गर्भ राहिल्याचं दिसलं. त्यातले ३१ टक्के टिकले नाहीत. आणि या न टिकलेल्यांपैकी बहुतेक कधी आले आणि कधी गेले हे त्या बायकांनाही समजलं नव्हतं. पाळी दोन-चार दिवस उशिरा आली, एवढंच.

आता या हॉलकडे बघा. किती घरं बसली आहेत इथे? आणि यातल्या किती घरांत ही गोष्ट मोठ्याने बोलली गेली आहे? तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही आपली रीत आहे. तिच्यामागे मायाच आहे, मी तिची थट्टा करणार नाही. पण तिचा एक परिणाम असा होतो की जे येणार होतं ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून जे गेलं त्याचंही कुणी विचारायला येत नाही. बाई डोळे पुसते आणि कुकर लावते. म्हणून तिला वाटतं, हे आपल्याच वाट्याला आलं. शेजारणीच्याही वाट्याला आलेलं असतं; तीही बोललेली नसते.

पहिलं कारण आधी सांगून टाकते, कारण तेच सर्वांत मोठं आहे. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांची तपासणी केली तर निम्म्याच्या आसपास, आणि आईचं वय जास्त असेल तर त्याहूनही अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली सापडते. सेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस, किंवा पंचेचाळीस, किंवा एक अख्खा संच जास्तीचा. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेली असते, म्हणजे जिना चढायच्या आधी, हंडा उचलायच्या आधी, पपईची फोड तोंडात जायच्याही आधी. पपईचं म्हणाल तर कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयात आकुंचन होतं असं प्रयोगात दिसलेलं आहे. पिकलेल्या पपईने तसं दिसलेलं नाही. आणि निव्वळ पडून राहिल्याने गर्भ टिकतो याचाही पुरावा नाही. तरी आपल्याकडे बाईला महिना-महिना पलंगावर झोपवून ठेवतात. पुन्हा गर्भ गेला तर म्हणतात, उठली असेल एकदा.

मग उरलेले निम्मे? आणि गुणसूत्रं चुकलेल्या गर्भातसुद्धा शेवटी नेमकं घडतं काय, की ठोके थांबतात? इथे प्राणवायू येतो.

आपली समजूत अशी की प्राणवायू जितका जास्त तितका बरा. पोटातल्या बाळाला तर भरपूर हवा. पाठ्यपुस्तकांतही बराच काळ असंच होतं की गर्भ रुजला की आईचं रक्त वारेत खेळू लागतं. १९८७ साली बेल्जियममधल्या ह्यूस्टिन आणि शाप्स या दोघांनी या समजुतीला धक्का दिला, आणि पुढे लंडनमध्ये एरिक जोनियो आणि केंब्रिजमध्ये ग्रॅहॅम बर्टन यांनी तो विषय तडीला नेला. त्यांना काय दिसलं? पहिले दोन महिने आईचं रक्त वारेत जवळपास जातच नाही. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक रोहिण्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि तिथे बूच लावतात. त्यातून रक्तातला द्रव पाझरतो, तांबड्या पेशी अडतात. मग गर्भ जगतो कशावर? गर्भाशयाच्या अस्तरात ग्रंथी आहेत, त्यांचा स्राव त्याला पोसतो. साखर आहे, प्रथिनं आहेत. प्राणवायू मात्र बेताचा.

त्यांनी तो मोजलासुद्धा. आठव्या आठवड्यात वारेतल्या प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरपेक्षा कमी. बाराव्या आठवड्यात ५० च्या वर. चार आठवड्यांत अडीच पटीहून जास्त.

निसर्गाने हे असं का ठेवलं असेल? कारण प्राणवायू दोन तोंडांचा आहे. त्याच्यावर आपण जगतो, आणि त्यानेच झिजतो. तुम्हा कारखान्यातल्या माणसांना हे मी काय समजावणार? मशीनवरून उतरलेला जॉब तेलाचा हात न देता जुलै महिन्यात रॅकवर ठेवला, तर सोमवारी काय दिसतं? तांबूस पूड. पेशीतही त्याच जातीचं काहीतरी होतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया प्राणवायू वापरून ऊर्जा बनवतात. बनवताना थोडा प्राणवायू अर्धवट, चिडलेल्या रूपात निसटतो. तो शेजारच्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएला डसतो. पेशीकडे याच्यावर उपाय असतात. त्यातलं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ओळखलं. कॅटलेज आहे, ग्लुटाथिओन आहे. निसटणारं जास्त आणि आवरणारं कमी अशी स्थिती झाली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. घरच्या कटकटीचं टेन्शन ते हे नव्हे.

आणि पहिल्या आठवड्यांत वारेच्या बाहेरच्या थरात नेमकी हीच आवरणारी विकरं तुटपुंजी असतात. हात-पाय, हृदय, मेंदू सगळं त्याच दिवसांत आकाराला येत असतं. म्हणून बूच. म्हणून कमी प्राणवायू.

दहाव्या ते बाराव्या आठवड्यात बूच सुटतात. आईचं रक्त आत येतं. धक्का बसतोच, अगदी निरोगी गर्भालाही बसतो! पण तोवर विकरांची तयारी झालेली असते. आणि मला या सगळ्यात फार नवलाची वाटलेली गोष्ट पुढे आहे. सुरुवातीला वार गर्भाच्या सगळ्या बाजूंनी असते, चेंडूभर केस असावेत तसे तिचे तंतू त्याला वेढून. बूच आधी सुटतात ते कडेचे. तिथे प्राणवायू आधी चढतो, तिथले तंतू या ताणाने वाळून जातात, आणि मधला भाग उरतो तो गोल थाळीसारखा. बाळंतपणानंतर सुईणी जी वार हातात घेऊन पूर्ण आली का बघायच्या, तिची ती थाळी या ताणानेच कोरलेली असते. म्हणजे ज्याला आपण शत्रू ठरवायला निघालो होतो तो योग्य जागी, योग्य आठवड्यात कामाचा निघाला.

बिघडतं कुठे? वारेच्या पेशी अस्तरात नीट खोल उतरल्या नाहीत, बूच अर्धवट बसले, तर आईचं रक्त आधीच, आणि कडेला न येता सगळीकडून आत येतं. सातव्या-आठव्या आठवड्यात, विकरं तयार नसताना. पेशी करपतात, तंतू फाटतात, वार सुटते. ज्यांच्या गर्भाचे ठोके थांबले होते अशा बायकांच्या सोनोग्राफीत आणि वारेच्या तपासणीत जोनियो-बर्टन यांना २००३ साली हेच दिसलं.

इथे शहाण्या श्रोत्याने हात वर केला पाहिजे. गर्भ गेला म्हणून ताण आला, की ताण आला म्हणून गर्भ गेला? प्रश्न रास्त आहे. दोन्ही होतं. गुणसूत्रं चुकलेल्या गर्भाची वार अनेकदा मुळातच दुबळी असते, तिला बूच धड लावता येत नाहीत. तिथे ताण हा शेवटचा घाव असतो, पहिला नसतो. पण गर्भ धड असून अस्तर, रक्तवाहिन्या किंवा आईच्या रक्तातलं काही बिनसलं असेल तर ताण हेच मुख्य कारण होऊ शकतं. आणि बूच अगदीच निकामी नसतील, थोडेच कमी पडले असतील, तर गर्भ टिकतो पण पुढे सातव्या-आठव्या महिन्यात आईचा रक्तदाब चढतो, पायांना सूज येते, बाळ खुरटतं. त्याला आपण प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. पुण्यात भारती विद्यापीठाच्या ‘इर्शा’ या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं या दुखण्यातल्या वारेवर, त्यातल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर आणि आईच्या आहारातल्या फोलेट, बी-१२, ओमेगा-३ यांवर काम करत आले आहेत. लवकर गेलेला गर्भ आणि उशिरा चढलेला रक्तदाब ही एकाच वाटेवरची दोन गावं असावीत, असं आता बरेच जण मानतात.

इथवर काय झालं? गर्भ पडणं फार घरांत होतं. निम्मे तरी बीजातल्या चुकीने पडतात. आणि वार पहिल्या दोन महिन्यांत प्राणवायूपासून जपावी लागते. आता बाजाराकडे वळू, कारण बाजार आपल्याआधी तिथे पोचलेला आहे.

ताण ऑक्सिडेशनचा, मग अँटिऑक्सिडंट द्या. किती सरळ हिशोब! मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या आहेत, पावडरी आहेत, ‘गर्भधारणेसाठी’ म्हणून महागडी पाकिटं आहेत. तो हिशोब तपासूनही झाला आहे. २००६ साली ब्रिटनमध्ये सुमारे २४०० जोखमीच्या गरोदर बायकांना रोज एक ग्रॅम सी जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व, किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिली. रक्तदाबाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. उलट जीवनसत्त्वं घेतलेल्यांत कमी वजनाची बाळं जास्त. गर्भ पडण्याबद्दलचे निरनिराळे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हाही सी आणि ई जीवनसत्त्वांनी फरक पडलेला दिसला नाही.

का पडत नसावा? एक तर चिडलेला प्राणवायू नुसता नासधूस करत नाही, तो पेशींमध्ये निरोपही पोचवतो. तो सगळाच पुसून टाकला तर निरोप बुडतात. दुसरं वेळेचं. बाई माझ्याकडे येते सातव्या आठवड्यात. बूच त्याच्या आधी बसलेले असतात. अंडं त्याच्याही आधी, काही महिने पिकत आलेलं असतं. लग्नाच्या पंगती उठल्यावर मसाला वाटायला घेऊन काय उपयोग?

म्हणून मला गोळीपेक्षा मराठी मुलखातले दोन अभ्यास महत्त्वाचे वाटतात. पहिला आपल्या शेजारचा. नव्वदच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वढू परिसरातल्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि त्यांच्यातल्या आठशेच्या आसपास गरोदरपणांचा पाठपुरावा केला. आगरकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी त्या बायकांचं खाणं तपासलं. भाकरी किती, भात किती याने बाळाच्या वजनात फारसा फरक पडला नाही. हिरवी पालेभाजी, फळं आणि दूध ज्यांच्या पोटात वरचेवर जात होतं त्यांची बाळं भरली. आणि याच बायकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. बी-१२ कमी की होमोसिस्टीन वाढतं, आणि होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ऑक्सिडेटिव्ह ताण आणतं.

दुसरा मुंबईचा. वस्त्यांमधल्या बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला एक खाऊ रोज दिला, दिवस जायच्या आधीपासून. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं निघालं. हे दोन्ही अभ्यास बाळाच्या वजनाचे आहेत, गर्भ पडण्याचे नाहीत, आणि मी त्यांच्याकडून जास्तीचं वदवून घेणार नाही. मला त्यातून वेळ कळते. जे करायचं ते आधी.

आपण देहू आणि आळंदीच्या मधोमध राहतो. माळ घातलेली घरं इथे पुष्कळ. माळकऱ्याने मटण खावं असं सांगायला मी आलेली नाही. वारकऱ्यांचा रोष कोण ओढवून घेईल? पण दूध, दही, ताक यांत बी-१२ असतं, आणि तेवढ्याने पुरत नसेल तर रक्त तपासून गोळी किंवा इंजेक्शन घेता येतं. फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस जायच्या आधी सुरू करायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. ही गोळी गर्भाच्या मज्जारज्जूच्या व्यंगासाठी आहे. तिचं काम तेवढंच, पण ते पक्कं आहे.

आता घराबाहेर पडू. आपण श्वास घेतो तो कुठला? निगडी आणि भोसरीला ‘सफर’ची हवा मोजणारी केंद्रं आहेत. कुदळवाडीत भंगाराला आग लागल्याच्या बातम्या, मोशीचा कचरा डेपो, तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज उभे राहणारे ट्रेलर, हे सांगायला यंत्र लागत नाही. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ. ती फुफ्फुसातून रक्तात उतरते, आणि शरीरात ऑक्सिडेटिव्ह ताण उठवण्यात तिचा हात मोठा. २०२१ साली ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश इथल्या बायकांच्या माहितीवरून एक अभ्यास आला. घनमीटरमागे दर १० मायक्रोग्रॅम धूळ वाढली की गर्भ जाण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हवेची भारतीय मर्यादा वर्षाला ४० मायक्रोग्रॅमची आहे. तेवढी पाळली गेली असती तर या तीन देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख गर्भ वाचले असते, असा त्यांचा अंदाज. त्यात मृत जन्मलेली बाळंही धरली आहेत. अंदाज आहे, त्याला पुरावा म्हणू नये. पण एखाद्या सासूने सुनेला विचारावं, “तू हवा कुठली घेतलीस?” असं कधी ऐकलंय तुम्ही?

धूर घरातही असतो, आणि तोंडात तंबाखू असते. मशेरी. इथे बसलेल्या काही आजीबाई हसताहेत. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी बाराशेहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. २००४ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. बिनधुराची तंबाखू, आणि त्यात बहुतेक मशेरीच, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमने हलकी, आणि अपुऱ्या दिवसांची जास्त. “मी ओढत कुठे, दात तर घासते,” हे उत्तर मला दवाखान्यात फार मिळतं. निकोटीनला ते कळत नाही.

मग कामाची पाळी. १९७४ मध्ये टेल्कोने ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ अशी जाहिरात दिली, आणि सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. पुढे त्या सुधा मूर्ती झाल्या. आज त्याच पिंपरीत गाड्या जुळवणाऱ्या लाइनवर बायका उभ्या आहेत, चाकणच्या कंपन्यांत आहेत, आयटीत आहेत. चांगलं झालं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बायकांना रात्री कारखान्यात ठेवायला असलेली मनाईही सैल झाली. तेही मला मान्य आहे. रात्रीची पाळी हा कमाईचा हक्क आहे. पण २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये बावीस हजारांहून अधिक गरोदर नोकरदार बायकांच्या हजेरीपटावरून एक गोष्ट दिसली. आठव्या आठवड्यानंतर, ज्या आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या झाल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात गर्भ जाण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त. रात्री उजेडात मेलाटोनिन कमी होतं, आणि मेलाटोनिन शरीरातलं स्वतःचं अँटिऑक्सिडंट आहे; कदाचित दुवा तोच. मग पहिले तीन महिने दिवसपाळी मागितली तर सुपरवायझरने तोंड वाकडं करायचं कारण काय?

आणि रसायनं. याचं एक जुनं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण ते कारखान्याच्या गावाने लक्षात ठेवावं असं आहे. अमेरिकेत संगणकाच्या चिप बनवणाऱ्या खोल्या म्हणजे स्वच्छतेचं टोक. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात. पण झगा चिपला धुळीपासून वाचवायला होता, बाईला वाफेपासून वाचवायला नव्हता. १९८६ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या कारखान्यातल्या अभ्यासात काही विभागांतल्या बायकांमध्ये गर्भ पडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. पुढे उद्योगाने स्वतः करवलेल्या अभ्यासांतही वाढ दिसली, आणि संशय ग्लायकॉल इथर या द्रावकांवर स्थिरावला. कंपन्यांनी ते प्रक्रियेतून काढायला घेतले. नीट बघा काय घडलं ते. कुठल्या बाईला पपई खाऊ नको म्हणून कुणी सांगितलं नाही. डबा बदलला, ड्रम बदलला.

आता ते गृहस्थ. विषय निम्मा त्यांचा, असं मी सुरुवातीला म्हणाले होते.

गर्भाची निम्मी गुणसूत्रं बापाची. शुक्राणू हा पेशींमधला सगळ्यांत उघडा जीव: त्याच्या पडद्यात ऑक्सिडेशनला सोपी चरबी भरपूर, आणि दुरुस्तीची यंत्रणा जवळपास शून्य. २०१९ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ज्यांच्या बायकांचे गर्भ वारंवार पडले होते अशा पन्नास पुरुषांची तपासणी केली. शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड इतरांच्या दुप्पट, आणि वीर्यातला चिडलेला प्राणवायू चौपट. मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही वारंवार गर्भ जाणाऱ्या जोडप्यांमधल्या पुरुषांकडे बघण्याचं काम झालं आहे. सिगारेट, तंबाखू, वाढलेलं वजन, मधुमेह, आणि अंडकोषांना सतत लागणारी उष्णता, या सगळ्यांनी हा ताण वाढतो. भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांनी आणि दिवसभर ट्रक चालवणाऱ्यांनी शेवटची ओळ ऐकावी. आणि पुरुषांसाठीही बाजारात गोळ्या आहेत. २०२० मध्ये अमेरिकेत त्यांचीही चाचणी झाली, डीएनएची मोडतोड काही कमी झाली नाही. तंबाखू सोडणं फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

वर्षानुवर्षं मी बघते आहे: तिसऱ्यांदा गर्भ गेलेली बाई फाइल घेऊन येते. फाइलमध्ये तिच्या रक्ताच्या तपासण्यांची थप्पी असते. नवऱ्याची एकही नसते. नवरा बाहेर गाडी लावत असतो.

दोन किंवा अधिक वेळा गर्भ गेला असेल तर काय विचारायचं ते लिहून घ्या. थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार, दोघांची गुणसूत्रं, आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्यं. या शेवटच्या तपासणीचं नाव अवघड आहे, पण ती विसरू नका, कारण त्याच्यावर उपाय आहे: अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि हेपारिनची इंजेक्शनं. मुंबईच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय रुधिरप्रतिकारशास्त्र संस्थेने या विषयावर बरंच काम केलं आहे. आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तर? घाबरू नका. कारण न सापडलेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांना पुढे मूल होतं. नॉर्वेत १९८४ साली एक लहानसा अभ्यास झाला: अशा बायकांना दर आठवड्याला बोलावलं, सोनोग्राफीत ठोके दाखवले, शांतपणे विचारपूस केली, औषध काहीच दिलं नाही. त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांचं बाळंतपण सुखरूप झालं. ज्यांना ही विचारपूस मिळाली नाही त्यांच्यात ३३ टक्के. अभ्यास छोटा आणि आजच्या कसोटीला पुरा न उतरणारा; मी त्यावर पैज लावणार नाही. पण विचारपुशीने नुकसान झाल्याचं मला तरी आठवत नाही.

शेवटी कायद्याचं, कारण ते मला दवाखान्यात कुणी विचारत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात सव्वीस आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेशिवाय आणखी एक रजा होती, आणि आता ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. गर्भपात झाला तर त्या दिवसापासून सहा आठवडे, पगारासह. आणि ते सहा आठवडे मालकाने जाणूनबुजून तिला कामाला लावायचं नाही. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत केव्हाही गर्भ गेला तरी हे लागू, म्हणजे सहाव्या आठवड्यात ठोके न आलेल्या मुलीलाही. त्यातून दुखणं लांबलं तर आणखी एक महिना. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनाही सहा आठवड्यांचा लाभ तिथून मिळतो. आपल्या मोहननगरला त्यांचं रुग्णालय आहे. कंत्राटी हेल्पर असो की इंजिनिअर, हक्क तोच.

पुरावा लागतो: सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा दाखला. ते कागद रागाने किंवा दुःखाने फाडून टाकू नका. अर्जात कारणाच्या जागी ‘ताप’ लिहायचं नाही, ‘गर्भपात’ लिहायचं. आणि एचआरमध्ये कुणी ही रजा नसतेच म्हणालं, तर संहितेतली ही तरतूद त्यांना दाखवायची. अर्जाचा नमुना मी आणला आहे, प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. पुरुषांनीही घ्याव्यात. प्रश्न असतील तर विचारा, मी थांबले आहे.